कानशीचे दोनच हात

रविवार, ५ नोव्हेंबर
कन्येच्या इलेक्ट्रिक गिटारची तिसरी तार नीट लागत नाही. दोष तारेचा नाही, नटचा. गिटारच्या मानेवरून तारा खुंट्यांकडे जातात तिथे बोटाएवढी पांढरी पट्टी असते, तिला नट म्हणतात. त्यात सहा खाचा, एकेका तारेला एकेक. तिसऱ्या खाचेत तार अडकते, मग टिंग करून सुटते आणि सूर जातो. दुकानातला दाढीवाला मेकॅनिक म्हणे, खाच घासून गुळगुळीत करावी लागेल, बुधवारी द्या, शुक्रवारी न्या.

एका खाचेला दोन दिवस! म्हटलं, घरात बाप असताना बाहेर कशाला? कन्या म्हणाली, बाबा, शनिवारी कार्यक्रम आहे, बँडने पहिल्यांदाच मला सोलो दिलाय. मी म्हणालो, म्हणूनच. तिने गिटार टेबलावर ठेवली. पटलं असावं.

गेली दोन वर्षं आमचं संभाषण ‘जेवलीस का’ आणि ‘हो’ यावर चाललंय. आता जरा विषय मिळाला.

सोमवार, ६ नोव्हेंबर
चार व्हिडिओ पाहिले. त्यातले दोन पूर्ण. तत्त्व सोपं आहे : खाच एका बाजूला उतरती हवी आणि कानस तारेच्या जाडीची हवी. माझ्याकडे किल्ल्या घासायची कानस आहे. कानस ती कानस. बायकोने विचारलं, माझी नखांची देऊ का? हसण्यावारी नेलं.
उद्या काम तमाम.

मंगळवार, ७ नोव्हेंबर. सं. ६.३०
ऑफिसातून थेट टेबलाशी. कानशीचे दहा हात मारले. टिंग बंद! आता झंर्रर्र असा आवाज येतो, सतारीसारखा. कन्येला म्हणालो, बघ, एका वाद्यात दोन वाद्यं. तिने कपाळाला हात लावला. कानांना सवय व्हायला वेळ लागतो.

८.१५
उतार उलट्या बाजूला झालाय. खुंट्यांकडे हवा होता. व्हिडिओतला माणूस समोर तोंड करून बसला होता, त्यामुळे डावं-उजवं फिरलं. त्याने आधी सांगायला हवं होतं.

८.४०
उतार सुधारला. या नादात खाच खोल गेली. तिच्या तुलनेत बाकीच्या पाच उंच दिसायला लागल्या. एकीला एक न्याय आणि बाकीच्यांना दुसरा, हे आपल्याला जमत नाही. पाचही घासल्या.

९.००
सहाही तारा झणझणतात. निदान समानता आली.

बुधवार, ८ नोव्हेंबर. सं. ७
पाचवा व्हिडिओ. खोल गेलेली खाच खायचा सोडा आणि झटपट गोंद घालून भरता येते. सोडा भरला, वर थेंब टाकला, क्षणात दगड! आधीच माहीत असतं तर काल एवढा विचार करून घासलं नसतं.

अंगठा आणि तर्जनी काही काळ एकत्र होती. बायकोने कोमट पाण्यात सोडवली. एक शब्द बोलली नाही. असं न बोलणं मला फार ऐकू येतं.

दगडात नव्या खाचा पाडल्या. ओबडधोबड आहेत, पण तारा बसल्या. कन्या दारात उभी होती. म्हणाली, बाबा, आता राहू द्या, मी नेते मेकॅनिककडे. म्हणालो, ऑपरेशन अर्धवट असताना पेशंट हलवत नाहीत. चोवीस तास सुकू द्यायचं. कोणी हात लावायचा नाही, असं मोठ्या अक्षरात लिहून कागद ठेवलाय.

गुरुवार, ९ नोव्हेंबर. सं. ६.४५
काय सांगू! गिटार तिथेच, कागद तसाच. तार छेडली. टिंग नाही, झंर्रर्र नाही, घंटेसारखा स्वच्छ सूर. काल ओबडधोबड दिसत होतं ते आज गुळगुळीत आणि पांढरंशुभ्र. सोडा सुकताना आपोआप सपाट होतो, हे एकाही व्हिडिओत सांगितलेलं नाही. शोध माझा.

कन्येने अख्खा सोलो वाजवून दाखवला. म्हणाली, बाबा, मस्त झालंय, आता प्लीज हात लावू नका. आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. बायको स्वयंपाकघराच्या दारातून गालातल्या गालात हसत होती. अभिमान, दुसरं काय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गोंदाची वाफ डोळ्यांना वाईट.

शुक्रवार, १० नोव्हेंबर. सं. ६
ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. दोघांना दोनदा.
कन्या उद्याचे कपडे ठरवायला मैत्रिणीकडे गेली आहे. सहज गिटार डोळ्यांसमोर धरली. पहिली तार केसभर उंच वाटते. दुसऱ्या कोणाला दिसणार नाही, पण ज्याने केलंय त्याला दिसतंच. उद्या चारशे लोक ऐकणार. कानशीचे दोनच हात.

६.१०
मारले. उत्तम. आता बाकीच्या पाच उंच वाटतात.

६.३५
झंर्रर्र.

६.५०
सोडा संपलाय.

७.०५
बायको आली. गिटारकडे पाहिलं आणि माझ्या हातातली कानस काढून घेतली. मग सगळं सांगितलं. काल कन्या कॉलेज बुडवून गिटार घेऊन दाढीवाल्याकडे गेली होती. हातापाया पडून त्याच्याकडून तीन तासांत काम करून घेतलं. त्याने माझा दगड उपटून फेकला आणि नवा नट बसवला. तिने गिटार आणून होती तशी टेबलावर ठेवली, कागदसुद्धा सरळ केला. आईला म्हणाली, बाबांना सांगू नकोस, चार दिवस खपलेत बिचारे, त्यांना वाटू दे की त्यांनीच केलं.

७.२०
दाढीवाल्याला फोन केला. बाहेरगावी आहे. सोमवारी येईल.

शनिवार, ११ नोव्हेंबर
कार्यक्रम झाला. कन्येने कोणाची तरी गिटार मागून आणली होती. परक्या वाद्यावर सोलो नको, असं बँडनेच ठरवलं. तो कीबोर्डवाल्याने वाजवला. ती मागे उभी राहून साथ करत होती. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. तिने एकदाही प्रेक्षकांकडे पाहिलं नाही.

येताना गाडीत ती माझ्या शेजारी बसली. चुकलो म्हणायचं, असं पार्किंगपासून ठरवलं होतं. तोंडातून निघालं, त्या नव्या नटचा माल जरा मऊच होता. बायको मागच्या सीटवरून म्हणाली, अहो, पुरे. लाज वाटली. खरोखर वाटली.

कन्या म्हणाली, जाऊ द्या बाबा, तुम्ही प्रयत्न केलात ना, तेच महत्त्वाचं.

ती पहिलीत असताना धावण्याच्या शर्यतीत शेवटची आली होती. तेव्हा मी तिला हेच्या हेच म्हणालो होतो. आजपर्यंत मला वाटत होतं, तिला त्याने बरं वाटलं.