राजाचे काम सोडल्याची हकीकत

रत्नागिरी,
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८५४

राजमान्य राजेश्री बाळासाहेब यांस,

आप्पाचा साष्टांग नमस्कार. आपण वयाने धाकटे असलात तरी आमच्या घरचे जावई आहात, तेव्हा नमस्कार घेताना संकोच मानू नये. चि. कुसुमचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावे, मुरुडच्या खाऱ्या वाऱ्याला बोल लावू नकोस. आमच्या आत्याचाही गुडघा असाच धरायचा, आणि ती जन्मभर पालीला राहिली, समुद्र तिने पाहिला तो यात्रेपुरता. आपल्या सुपारीला यंदा फळ कसे धरले आहे तेही कळवावे. इकडे सर्व क्षेम आहे. माझी प्रकृती ठणठणीत आहे, फक्त गेल्या कार्तिकात मी अहंकार सोडला, आणि तो सोडल्यापासून घरात फार त्रास झाला. तेवढे सांगण्यासाठी हा कागद घेतला.

आमच्या शंकराच्या देवळात शिवरात्रीच्या उत्सवाला नाटक होते हे आपणांस ठाऊक आहेच. नाटक आमच्याच मास्तरांनी रचलेले. चंद्रसेन राजा गर्वाने राज्य गमावतो, वनात भटकतो, आणि शेवटच्या अंकात भिकारी होऊन आपल्याच वाड्याच्या दारात उभा राहतो, असे कथानक आहे. हा राजा मी इतकी वर्षे केला की बाजारात मासळीवालीसुद्धा मला ‘राजे’ म्हणून हाक मारी. (आम्ही मासळी खात नाही, पण हाक ऐकायला त्या वाटेने जाण्यात दोष नाही.) कार्तिकात देवळात एक बुवा आले. त्यांनी सांगितले की ‘मी, मी’ करणारा तो फणसाचा काटा आहे. आतला गरा निराळाच, तो गप्प बसून सगळे पाहत असतो, आणि तुम्ही मात्र जन्मभर काटेच कुरवाळता. हे बोलताना ते माझ्याकडे पाहत होते. (मी अगदी पुढे बसलो होतो, त्यामुळे त्यांना दुसरीकडे पाहणे अवघड होते.) मला ते फार लागले. मी तिथल्या तिथे उभा राहून पंचांना सांगितले की यंदापासून राजाचे काम मी सोडले.

आता आपल्यापासून काय लपवावे? लोक गळ घालतील, मी नको म्हणेन, ते पाया पडतील, आणि मग मी जड अंतःकरणाने मुकुट चढवीन, असा माझा हिशेब होता. पण पंच म्हणाले, “बरे झाले आप्पा. तुम्हाला कसे सांगावे, याच पंचाईतीत होतो आम्ही.”

काम गेले शेजारच्या आनंदीबाईंच्या भास्कराकडे. हा पोर मुंबईला एका पेढीवर कारकून होता. मंदीत पेढी बसली, तो घरी आला, आणि तेव्हापासून माजघरात भिंतीकडे तोंड करून पडून असे. कोणाशी बोलणे नाही, जेवण नावाला. आनंदीबाई बिचाऱ्या आमच्या हिच्याजवळ येऊन रडत. मास्तरांनी त्याला ओढूनच तालमीला आणला, कारण त्याचा आवाज चांगला आणि त्याला दुसरा उद्योग नव्हता. मला प्रॉम्प्टर केले. म्हणजे विंगेत स्टुलावर बसायचे, पोथी मांडीवर घ्यायची, आणि कोणाला दिसायचे नाही. इतकी वर्षे मला आयत्या वेळी शब्द कोण पुरवीत असे, हा विचारदेखील तोपर्यंत माझ्या मनाला शिवला नव्हता.

मी साधना कसोशीने चालवली. ‘मी’ हा शब्दच टाकला. एकदा हिला म्हटले, या देहाला चहा हवा आहे. ही म्हणाली, “देहाला सांगा, चुलीवर आहे, गाळून घे.” तालमीत मी वाक्य पुरवायचो तेही असे हातवारे करून आणि इतक्या खड्या आवाजात, की शेवटी ढोलकीवाला लवू म्हणाला, “आप्पानू, राजा कोन, तां अगुदर ठरवा.” त्या दिवसापासून पुटपुटत गेलो, पण मनात एकच आशा होती. ती लिहायला हात अडखळतो. भास्कर ऐन वेळी चुकावा, प्रेक्षकांनी माझी आठवण काढावी, आणि मी पोथी मिटून बसावे.

गेल्या वर्षी गॅसबत्तीने पडदा पेटला होता म्हणून यंदा नाटक दुपारीच ठेवले होते. मंडप गच्च भरला, मिरकरवाड्याकडूनसुद्धा माणसे आली. पहिले अंक भास्कराने बरे काढले. शेवटच्या अंकात तो भिकाऱ्याच्या वेषात दाराशी आला, “मी या घरचा” एवढे म्हणाला, आणि थांबला. पुढचे वाक्य गेले. मी ज्याची वाट पाहत होतो ते माझ्यापुढे उभे होते. मी पोथी मिटलीसुद्धा, बाळासाहेब.

मग त्याने विंगेकडे पाहिले. ते चंद्रसेनाचे पाहणे नव्हते. काम सुटून घरी आलेला, आपल्याच दारात आत जायला लाजणारा पोर माझ्याकडे पाहत होता. पलीकडे बायकांत आनंदीबाई पदर तोंडाशी धरून ताठ बसल्या होत्या. मी कधी बोललो ते मला कळले नाही. “मी या घरचा धनी नव्हतो, चाकरही नव्हतो; नुसता या घरचा होतो, तेवढे पुरे आहे.” इतक्या हलक्या आवाजात मी आयुष्यात बोललो नसेन. त्याने ते घेतले. मग पुढचे दिले, तेही घेतले. पोथी मिटलेलीच होती. पुढे त्याला शब्द लागेनासे झाले तरी मी ओठ हलवीतच होतो. बायका रडत होत्या आणि मीही रडत होतो. पडदा पडल्यावर टाळ्या झाल्या, तेव्हा मी विंगेत उभा राहून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. त्यात माझाही वाटा होता हे मला घरी आल्यावर, पाय धुताना आठवले. तोवर मी कुठे होतो, कोण जाणे. पण जिथे होतो तिथे फार बरे वाटत होते. बुवा म्हणाले तो गरा हाच असावा.

दुसऱ्या दिवशी वाटेत सगळे भास्कराचीच वाखाणणी करीत होते. सकाळी आनंद झाला. दुपारी थोडा कमी झाला. संध्याकाळी एक गृहस्थ म्हणाले, आप्पा, नाटकाला दिसला नाहीत, बरे नव्हते का? तेव्हा काटे पुन्हा जागच्या जागी आलेले कळले. असो. गरा एकदा जिभेला लागला आहे, पुन्हा लागेल.

आनंदीबाई सांगतात, भास्कर आता ओटीवर येऊन बसतो. काल त्याने लवूच्या पोरांना गणित शिकवले. कुसुमला आशीर्वाद, मुलांना गोड पापा.

आपला,
आप्पा

ता. क. खरे काम लिहायचे राहिले. भास्कर म्हणतो, शब्द आप्पांचे होते, मी नुसते तोंड हलवले, पुन्हा रंगभूमीवर जाणार नाही. तो पुन्हा भिंतीकडे वळेल अशी मला धास्ती वाटते. तरी आपल्या चैत्रातल्या उत्सवाला आमचे नाटक बोलवावे, आणि निमंत्रण भास्कराच्या नावाने धाडावे. माझे नाव त्यात कुठेही नको.

ता. क. दुसरा. निमंत्रणात ‘मंडळींसह’ हा शब्द मात्र असावा, म्हणजे प्रॉम्प्टरला येता येईल.

ता. क. तिसरा. आपल्याकडे उत्सवाच्या पंगतीत प्रॉम्प्टरला कुठे बसवतात? नुसते माहितीसाठी विचारतो.