छत्तीस मालकांचं दुकान

कोचाबांबा, ९ जानेवारी

ती. सातुर्निनाआत्यास लिंबर्टचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेले सुकवलेले बटाटे बसवाल्याने नीट पोचवले. डबा परत पाठवतो आहे, त्यात चीज आहे.

आता वाईट बातमी. लाजाळू माणसांना बाजारात घासाघीस करायला शिकवणारं आपलं अ‍ॅप, ज्यात तू तुझ्या आवाजात बटाट्याचा भाव सांगतेस आणि गिऱ्हाइकाला झापतेस, ते आजवर सात बोलिव्हियानोंना जात होतं. ज्या मोठ्या दुकानातून ते फोनवर उतरतं, ते दुकान शंभरातले तीस कापून घेतं, हे तुला ठाऊक आहेच. काल त्यांनी कळवलं की चलन घसरल्यामुळे आपल्या प्रदेशात यापुढे कमीत कमी किंमत पंधरा. मला कुणी विचारलं नाही. आज एका बाईने अभिप्राय लिहिला आहे की ही म्हातारी बटाट्यात चार कमी करते, पण स्वतःच्या किमतीत दमडी सोडत नाही. तिने एकच तारा दिला, तोही तुझ्या आवाजासाठी.

कार्निव्हलपर्यंत वाट पाहतो. नाही जमलं, तर चिलीत, आंतोफागास्ताला, माझा मित्र एडसन याच्या ओळखीने खाणीच्या कचेरीत जागा आहे. किती वर्षं राहावं लागेल, सांगता येत नाही. रागावू नकोस.

तुझा लोभ आहे, तो तरी किंमत न वाढता वाढावा.

तुझा
लिंबर्ट


ला पास, १४ जानेवारी

चि. लिंबर्टास आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोन करू नकोस, कागदावरच लिही. फोन त्यांच्या गोटातला. आपण काय ठरवतो, ते त्यांना कशाला कळायला हवं?

आधी मला सांग, ते तीस म्हणाले आणि तू हो म्हणालास? पहिल्याच बोलीला? लोकांना घासाघीस शिकवतोस आणि स्वतः मान डोलावून येतोस! अरे, तीस म्हणणाऱ्याच्या मनात अठरा असतात. आपण आठ म्हणायचं, त्याच्या आईची तब्येत विचारायची आणि तीन पावलं चालू लागायचं. आणि माझ्या आवाजाचा भाव मला न विचारता वाढवणारे हे टिकोजीराव कोण?

आंतोफागास्ताचं नाव माझ्यापुढे काढू नकोस. तुझा बाप दोन वर्षांसाठी म्हणून तिकडे गेला, तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. आता एकतीस पूर्ण केलीस.

चोवीस तारखेला आलासितासची जत्रा आहे. जे हवं ते इवलंसं विकत घ्यायचं, दुपारी बाराच्या ठोक्याला त्यावर आशीर्वाद घ्यायचा, की वर्षाच्या आत ते खऱ्या मापाचं होऊन दारात येतं. लोकांसाठी घरं, गाड्या, पदव्या बनवण्यात माझी चाळीस वर्षं गेली. यंदा मी ते दुकानच बनवते. मालकीण झाले की कमिशन माझ्या हातात.

वेळेवर जेव. लोभ आहेच, त्यासाठी अर्ज लागत नाही.

आत्या


कोचाबांबा, १९ जानेवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझा सल्ला मानला. मोठ्या दुकानाला लिहिलं की आठ देतो. दोन मिनिटांत उत्तर आलं, की माझी भावना त्यांना फार मोलाची वाटते. मग मी त्यांच्या आईची तब्येत विचारली. त्यावर त्यांनी मला सात पर्याय दिले आणि त्यातला एक निवडायला सांगितला. शेवटी मी चालू लागलो, म्हणजे निघतो असं लिहिलं. त्यांनी इतके दिवस सोबत राहिल्याबद्दल आभार मानले आणि बाहेर पडण्याचं बटण कुठे आहे ते दाखवलं.

दुकान बनवच. माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

हसलीस तरी चालेल, पण लोभ कमी करू नकोस.

लिंबर्ट


ला पास, २५ जानेवारी

चि. लिंबर्टास आशीर्वाद.

काम फत्ते! काड्यापेटीएवढं दुकान केलं. काचेचं दार, दारात टोपीवाला पहारेकरी, आत मालकीहक्काचा कागद, शिक्क्यासकट. साचा एवढा सुरेख झाला की एकावर थांबवेना. छत्तीस केली. एक मी ठेवलं, पस्तीस अकराच्या आत खपली. ज्याला त्याला या भाववाढीने भाजलं आहे रे. कुणाचा गाण्यांचा हप्ता वाढला, कुणाच्या नातीचा खेळ महागला. बाराच्या ठोक्याला बुवांनी सगळ्यांच्या दुकानांना एकदम धूर दिला, वर दारू आणि फुलांच्या पाकळ्या शिंपडल्या. पहारेकऱ्याची टोपी जरा भिजली.

आता आपण छत्तीस मालक. शनिवारी माझ्या अंगणात सभा आहे. तुझं काम झालंच म्हणून समज.

तुला भेटायला जीव आसुसला आहे, एवढंच.

आत्या


ला पास, २ फेब्रुवारी

चि. लिंबर्टास आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही. सभा झाली. जत्रेत तिसाच्या नावाने बोटं मोडणारी हीच माणसं, पण मालक झाल्यापासून त्यांचा सूर फिरला आहे. प्लास्टरचे कोंबडे विकणारे प्रिमितिवोतात्या उभे राहिले आणि म्हणाले की काच पुसायला माणूस लागतो, पहारेकऱ्याला नवी टोपी द्यायची आहे, तिसात भागत नाही. नखाएवढी टोपी, लिंबर्ट! मग खोट्या नोटा छापणाऱ्या इलारियाबाईंनी मांडलं की कोचाबांबावाले दिवसातून सहा वेळा खातात, म्हणजे त्यांच्याकडे पैसा आहे, तर तिकडे किंमत वीस करावी. टाळ्या पडल्या. ज्याच्या हाती ससा तो पारधी, दुसरं काय! कमिशन पस्तीस मंजूर झालं. विरोधात मी एकटी.

तुझ्यापाशी खोटं बोलणार नाही. तेहतीसपर्यंत मलाही पटत चाललं होतं.

माझ्यावर राग धर, पण अबोला नको.

आत्या


कोचाबांबा, १२ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

त्यांचं कमिशन तीस, तुमचं पस्तीस. आत्या, परकं दुकान स्वस्त पडलं की गं!

गेल्या महिन्यात अ‍ॅप जेमतेम चार जणांनी घेतलं. वीस तारखेच्या बसचं तिकीट काढलं आहे, काराकोयोच्या फाट्यावरून जाते. तुला भेटायला ला पासला येणार होतो, पण आलो तर जाणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून येत नाही.

लोभ असावा, सीमेपलीकडेही.

लिंबर्ट


काराकोयो, २० फेब्रुवारी, सकाळी नऊ, बसमधून

ती. आत्यास नमस्कार.

रस्त्यावर दगड मांडून बसलेल्यांत पुढे हिरव्या शालीतली तूच आहेस ना? ही चिठ्ठी मक्याची गरम आपी विकणाऱ्या बाईंबरोबर पाठवतो आहे. चालक मागणी विचारायला उतरला, तर तात्यांनी सांगितलं की आमचा कमिशन देणारा देश सोडून चालला आहे. चालक म्हणतो, पाण्यासाठी रस्ता अडवलेला पाहिला, पेन्शनसाठी पाहिला, हे नवीनच.

मग सगळ्या बसने अ‍ॅप ऐकायला मागितलं. तुझ्या आवाजाशी बटाट्यावरून भांडण सुरू आहे. अकरा जणांनी कुरकुरत पंधरा मोजून विकत घेतलं. पाचव्या मिनिटाला इलारियाबाई खिडकीशी हजर, शंभरातले पस्तीस मागायला!

रस्ता सोड, आत्या. माणसं खोळंबली आहेत.

लिंबर्ट


काराकोयो, दहा वाजता, रस्त्यावरून

चि. लिंबर्टास आशीर्वाद.

एकच देणारा, तोही निघाला, मग दुकान कसलं, हा उजेड या मालकांच्या डोक्यात दगड रचताना पडला. पस्तीसवरून पंचवीस, मग बारा, आता शून्यावर आले आहेत. तू एक शब्दही बोललेला नाहीस, ते आपसातच उतरताहेत.

पण मी कमिशनसाठी आले नाही. तुझा बाप निघाला तेव्हा मी अडवलं नाही. शहाणपणा केला असं वाटलं होतं. पंचवीस वर्षं ते शहाणपण मला खातं आहे. म्हणून आले, म्हणून बसले. आता इथे बसून कळतंय की माणसाला दगड लावून ठेवून घेता येत नाही. दगड हटवायला सांगितले आहेत. दहा मिनिटांत सुटाल.

खिडकीतून हात करू नकोस, मला सोसणार नाही. जा बाबा. तिकडे थंडी सुकी असते, ओठ फुटतात, तूप लाव.

लोभ इथेच ठेवते आहे. येशील तेव्हा घे.

आत्या


काराकोयो, पावणेअकरा

ती. आत्यास,

बस गेली. तू पाठ करून उभी होतीस, म्हणून माझी जागा रिकामी होती ते तुला दिसलं नाही. मी आपीवाल्या बाईंच्या मोठ्या पातेल्यामागे पेटीवर बसलो आहे. पुढे काय करायचं, ते मला अजिबात माहीत नाही.

तू रडतेयस तोवर समोर येणार नाही. नाहीतर तू जिंकलीस, हे मला जन्मभर ऐकावं लागेल. डोळे पुसून झाले की बाईंना खूण कर. सावकाश होऊ दे, मला घाई नाही.

लिंबर्ट