चूप बस बे, आयक

९ जानेवारी
सुमेध गेल्यानंतर आज पहिल्यांदा फील्डवर. एकटाच. गाडी काढताना सवयीनं मागे हात नेला, स्पीकरची बॅग त्यानं धरली का बघायला. मूर्तिजापूर रोडवर त्या दिवशी मी सोबत नव्हतो, तो एकटाच घरी निघाला होता आणि समोर बिनदिव्याची ट्रॉली उभी होती.
गाईड मॅडम म्हणाल्या होत्या, विषय बदल, कोणी काही म्हणणार नाही. नाही म्हटलं. पिंगळ्यांचं, या एवढ्याशा घुबडांचं, काम दोघांचं आहे, दोघांच्याच नावानं संपेल.

११ जाने.
तोंडी परीक्षेत सांगायचं ते इथेच घोटून ठेवतो. दिवेलागणीला झाडाखाली उभं राहायचं, स्पीकरवर पिंगळ्याची ओरड लावायची. झाडावर जोडी राहत असेल तर तिला वाटतं परका घुसला, ती तावातावानं उत्तर देते. उत्तर आलं की नोंद. दोन हिवाळे हेच केलं, त्याच त्या झाडांवर.
आज लावू शकलो नाही. कारण रेकॉर्डिंगमध्ये ओरडीच्या आधी सुमेधचा आवाज आहे. त्याच्या गावच्या निंबाखाली रेकॉर्डिंग केलं तेव्हा मी बडबडत होतो आणि तो मला दटावतो: "चूप बस बे. आयक." मग पिंगळा. मॅडमनी कितीदा सांगितलं, तेवढं काप. हा म्हणायचा, "राहू दे बे, आमच्या घरचा मंत्र हाय थो. पाखरू का मराठी शिकून राहिलं?"

१४ जाने.
लावलं. आवाज आला आणि अंगावर काटा. जोडीनं उत्तर दिलं, मी नोंद केली. तीळगूळ घरी तसाच पडून.

१८ जाने.
काय लिहू.
शकुंतला रेल्वेच्या रुळांजवळची चिंच. "आयक" म्हणाला आणि मला पुढचं सोसवेना, बंद केलं. शांत सगळं. आणि वरून चिरविर-चिरविर.
ओरड लावलीच नव्हती.
पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच थांबवलं. पुन्हा उत्तर. पिंगळा फांदीच्या टोकाला आला, मान वरखाली करत माझ्या मागे बघत होता. मी मागे वळून पाहिलं. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी, आणि वळून पाहिलं.

२० जाने.
मी स्वतः म्हणून पाहिलं, "चूप बस बे, आयक." त्याच्यासारखा सूर काढून. पाखरू ढिम्म. त्याचा आवाज लावला, लगेच उत्तर. पिंगळे आहेत पण जिथे आम्ही कधी गेलोच नाही अशा एका वडाखाली त्याचाच आवाज लावला, तिथे काही नाही.
म्हणजे सरळ आहे. आधी त्याचा आवाज, मग परक्याची ओरड, रोज हेच. पाखरं शिकली. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी, बारावीपासून पाठ आहे. पाठ असून झोप येत नाही.
शिकलं रे सुम्या मराठी.

२२ जाने.
मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मग आपल्या नोंदीतली उत्तरं कोणाला होती? ओरडीला, की सुमेधला?"
सगळं काम बाद होऊ शकतं. त्या म्हणाल्या, एक रस्ता आहे. नुसता आवाज लाव, मागून ओरड नको. रोज. पाखरं शिकली असतील तर हळूहळू उत्तर द्यायची थांबतील. तसं दिसलं की तोच आपला निष्कर्ष, दोघांच्या नावानं छापू.
"थांबतील म्हणजे?"
"विसरतील रे."

४ फेब्रुवारी
एकेक झाड गप होतंय. आलेख बघून मॅडम खूश. चिंचेवरच्या पिंगळ्यानं आज त्याचा आवाज ऐकून फक्त मान वळवली आणि नाकतोड्यामागे गेला. मला त्याचा इतका राग आला की दगड उचलला होता. टाकून दिला. विसरायला शिकवतो मीच, आणि दगड त्याला.

१० फेब्रु.
शेवटचं झाड राहिलं. सु.च्या गावचा शाळेमागचा निंब, जिथे रेकॉर्डिंग झालं तोच. आधी त्याच्या घरी गेलो. त्याची माय अंगणवाडीतून नुकतीच आली होती. बुद्धाच्या फोटोखाली त्याचा फोटो. चहा झाल्यावर म्हणाली, "मले बी आयकू दे."
निंबाखाली दोघं. लावलं. वरून चिरविर.
माय रडली नाही. "आमी भूतखेत मानत नाई बाबू. हे काय हाय मंग?"
सगळं सांगितलं. विसरतील तेही.
"म्हंजे पाखराले विसरवाले आला तू."
"तसं नाही माय, प्रबंध..."
"नाव छापून येईन त्याचं?"
"पहिलं त्याचंच."
मग मी बोलतच सुटलो. नियंत्रण, पुरावा, परीक्षक. गप्प राहणं मला कधी जमलंच नाही. मायनं हात वर केला.
"चूप बस बे. आयक."
तोच सूर. तसाच 'बे'वर ठेवलेला जोर. आणि निंबावरून उत्तर आलं.
दोघंही वर बघत राहिलो. अंधार पडायच्या आत मायला घरी सोडून निघालो.

११ फेब्रु.
मॅडमचा फोन, झालं का शेवटचं झाड? म्हटलं, स्पीकर बिघडलाय. बिघडलेला नाही.
दुपारी मायचा फोन. आवाजात कितीतरी दिवसांनी जीव. "तू आता मशीन आणू नको. मीच जातो रोज संध्याकाळी निंबाखाली. मी बोलतो, थो बोलते."
बरं म्हटलं आणि ठेवला.
रोज गेली, मागून ओरड आली नाही, तर निंबावरचा पिंगळा तिलाही विसरणार. काल सांगितलं ते तिनं मशीनबद्दल ऐकलं, स्वतःबद्दल नाही. सांगायला पाहिजे. नाहीतर कोणाला न सांगता मीच मधूनमधून जाऊन तिच्या आवाजामागून ओरड लावायची, आणि प्रबंध गेला खड्ड्यात.
ऊन उतरलंय. ती निघाली असेल. गाडी काढतो. बॅगेत स्पीकर टाकलाय, का ते विचारू नये.