वहीवरची ‘पऱ्हाटी’

देवळी, १४ जुलै २००३
मुंबईच्या संग्रहालयातून खोकं आलं. माझ्या ‘पऱ्हाटी’ या चित्रावरून केलेल्या वह्या, पेन्सिली, खोडरबरसुद्धा. त्यांनी चित्र विकत घेतलं त्याला नऊ वर्षं झाली, आता त्यांच्या दुकानात हे विकतात. सहा फुटांचं चित्र तळहाताएवढं! ज्या तांबड्या रेघेसाठी उन्हाळाभर मरमर केली, नेमकी तिच्यातूनच स्पायरलची भोकं. हे मात्र खूश. दिवसभर आमच्या कापडदुकानात गिऱ्हाइकांना कापड कमी, वह्याच जास्त दाखवल्या.

१६ जुलै
सातवीच्या चित्रकलेच्या तासाला वही दाखवली. एक पोरगी म्हणे, “मॅडम, हे कशाचं डिझाइन हाय?” डिझाइन! म्हटलं, पऱ्हाटी, कापूस वेचून झाल्यावरचं शेत आहे. “मंग शेत कुठी हाय?” पुढचा तास कसाबसा...

२ ऑगस्ट
मुंबईला फोन. संग्रहालयाचं दुकान सांभाळणाऱ्या बाई गोड बोलतात. विचारलं, चित्र कोणत्या दालनात लावलंय? आत विचारून आल्या. गोदामात, पेटीत. तीन वर्षं! “भिंती कमी पडतात हो. पण वह्या फार छान जातात.”
फोन ठेवला. तोवर वांगी करपली.

९ ऑगस्ट
वह्यांच्या दुसऱ्या छपाईच्या परवानगीचा कागद आला, सही हवी. ह्यांना सांगितलं, आधी चित्र भिंतीवर, मग सही.
“काऊन अडून राह्यली? वह्या तरी लोकायच्या हातात हायेत ना.”
“त्यांच्यातल्या कोणी चित्र पाहिलंच नाही.”
“मी तरी कुठी पाह्यलं? तू रंगवे तवा दार लावून घ्यायची. मंग थेट पेटीत भरून धाडलं.”
खरंय. म्हणूनच राग आणखी आला. जेवले नाही.

१० ऑगस्ट
संग्रहालयाला अट लिहून टाकली.

२१ ऑगस्ट
त्याच बाईंचा फोन. नव्या छपाईसाठी फोटो काढायचाय, ३० तारखेला, शनिवारी पेटी उघडणार. “तासभर चित्र बाहेर असेल. पाहायचं तर या. येताना सहीचा कागद आणा.” भिंतीचं नावच नाही. तासभर म्हणे! उपकारच की.
ह्यांना सांगितलं. कापडाची घडी घातली, परत उलगडली. मग, “मले बी आत येऊ देतीन का?”

२३ ऑगस्ट
वर्ध्याहून दोन तिकिटं काढून आणली. कागद अजून टेबलावरच. न्यावा, तर बिनसहीचाच न्यावा की...