अजून होऊन राह्यला

सर, आज सकाळी लेकीला वाशीमच्या स्टेशनवर सोडून आले. ती तिकडे हिमालयात जमिनीचं सरकणं मोजते. खडकात यंत्रं रोवते आणि वर्षभरात डोंगर बोटभर कुठे गेला ते पाहते. गेल्या आठवड्यात ती इथे सुट्टीवर असताना तिकडे भूकंपाचा धक्का बसला. तिच्या खोलीची भिंत तडकली. तेव्हापासून मी तिला इथल्या कॉलेजातली नोकरी धर म्हणत होते, आणि मी सांगितल्यावर या घरात सहसा कोणी उलट बोलत नाही.

तुम्ही पुण्याकडचे. आमच्या भूगोलाच्या उत्तरपत्रिकांतलं वऱ्हाडी लाल शाईनं खोडायचात. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा मीही तेच केलं. पण एकदा मी चांगलं शुद्ध लिहिलं होतं, 'हिमालय तयार झाला', तर तुम्ही 'झाला' खोडून वर लिहिलंत, 'होऊन राह्यला'. पेपर माझ्यासमोर धरून म्हणालात, "जिथे तुमचं क्रियापद बरोबर आहे, नेमकी तिथेच विसरलीस? तो अजून होतोच आहे." वर्ग हसला. मला फार राग आला होता.

मग हिमालयाची अभ्यास सहल निघाली. बाबा पोरीला पहाडात धाडायला तयार नव्हते, म्हणून तुम्ही जऊळक्याला आमच्या घरी आलात. माय चुलीपाशी भाकरी थापते आहे, बाबा बाजेवर, तुम्ही खाली सतरंजीवर, पुढ्यात पाण्याचा गडू. तुम्ही दोन्ही हातांनी सतरंजी बाजेकडे रेटता, तिच्या वळ्या उभ्या राहतात. हे डोंगर, तुम्ही सांगता. सतरंजीची कड बाजेच्या पायाखाली अडकते, तुम्ही रेटतच राहता, आणि ती एकदम सुटते. गडू लवंडतो. माय जागची न उठता म्हणाली, "झाला तुमचा भूकंप, मास्तर. आता पुसा." तुम्ही खरंच पुसलंत, खिशातल्या रुमालानं. बाबा हसले, पण सोडलं नाही. "पहाड अजूनबी हालून राह्यला म्हणता, मंग पोरीले तिथं कायले नेता?"

"हालून राह्यला म्हणूनच," तुम्ही म्हणालात. तुमच्या तोंडी ते इतकं वाकडं आलं की मायही हसली, आणि मला जायला मिळालं. तिथे नदीकाठच्या कड्यात खडकाचे थर आमच्या सतरंजीसारखे दुमडलेले होते. मी हात लावून कितीतरी वेळ उभी राहिले.

आज लेक बॅग ओढत निघाली आणि घरात शुद्ध भाषेसाठी सगळ्यांना टोकणाऱ्या माझ्या तोंडून बाबाच बोलले: "तिथं जमीन हालून राह्यली, कायले जाते?" ती थबकली. मग चपला घालता घालता म्हणाली, "आई, हलते आहे म्हणूनच." तिनं तुम्हाला कधी पाहिलेलंसुद्धा नाही. मी स्वेटर घेतलास का, एवढं विचारलं.

परत आले तर तिच्या बॅगेनं बैठकीतली सतरंजी भिंतीकडे रेटली गेली होती, चांगल्या तीन-चार वळ्या पडल्या होत्या. अंथरुणावरची सुरकुती मला खपत नाही, हे घरादाराला ठाऊक आहे. हे पत्र टपालात पडायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. दुपार झाली, सतरंजी तशीच आहे. मी तिला वळसा घालून फिरून राह्यली.