तीन किल्ल्यांचा सूक्ष्मदर्शक

उस्मानाबाद, २ डिसेंबर १९६३

तीर्थस्वरूप गुंडप्पामामांच्या चरणी भाचा शिवलिंगप्पाचा दंडवत. थंडीत तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? (डॉक्टरच्या घरचा खोकला सगळ्यात शेवटी जातो, म्हणून विचारलं.)

मामा, ज्वारीच्या काणी रोगावर प्रबंध लिहायला मी इथल्या विद्यापीठाच्या केंद्रात आलो, हे तुम्ही उमरग्यात पेढे वाटून सांगितलंत. आता जरा हळू सांगा. नाव 'सर्व विषयांचे सामायिक संशोधन केंद्र'. पाटी बारा हात आणि पाटीमागे सामायिक म्हणावं असं यंत्र एकच, सूक्ष्मदर्शक. पंधरा जानेवारीला प्रबंध दिला नाही तर शिष्यवृत्ती बंद, आणि मी पुन्हा गावी, तीच ज्वारी नुसत्या डोळ्यांनी बघायला.

यंत्र वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि इतिहास या तिघांचं. (इतिहासाला ते जुनी नाणी बघायला लागतं. साधं भिंग पुरलं असतं, पण हक्क तो हक्क.) कुणी एकट्यानं वापरू नये म्हणून काय करावं, हे तिन्ही विभागप्रमुखांना सुचेना. अक्कल दिली चपराशी शब्बीरभाईंनी. ते निजामाच्या अमदानीत खजिन्यावर पहारेकरी होते. तिथल्या रिवाजानं कपाटाला तीन कुलपं, तीन साहेबांकडे तीन किल्ल्या, तिघं हजर असतील तेव्हाच उघडायचं. खजिन्यावर निदान चोरांची तरी नजर असायची, इथं कुत्रं फिरकत नाही. एक साहेब सोनारीला भैरवाच्या दर्शनाला, दुसरे बेडकांच्या मागे, तिसरे परंड्याच्या किल्ल्यात. पाच महिने माझी कणसं पुडक्यात आणि मी व्हरांड्यात. शब्बीरभाईंकडे रडगाणं गायलो तर ते अभिमानानं म्हणाले, "फिकीर करू नका साहेब. मशीन एकदम सलामत हाय. आजवर कुनीबी हात लावला न्हाय."

गेल्या मंगळवारी तिघं एकदाचे जमले, कपाट उघडलं. मी कणीस घेऊन पुढे झालो, तर पहिली पाळी कुणाची यावर दिवेलागणीपर्यंत बैठक. शेवटी न्याय झाला, की सामायिक म्हणजे समसमान. वरची काच वनस्पतिशास्त्रानं नेली, खालचा आरसा प्राणिशास्त्रानं, नळी इतिहासात जमा. रिकाम्या कपाटाला मात्र तिन्ही कुलपं पुन्हा लावली. आपल्या विहिरीवर चार भाऊबंद पाळीनं मोट धरतात, भांडतातही. पण मोटेचा नाडा कुणी घरी नेत नाही. या विद्वानांचा मला मनापासून वीट आला आहे. चौघांची वस्तू चौघांत कशी वापरावी हे ज्यांना कळत नाही, त्यांनी कसलं संशोधन करावं?

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला भाचा,
शिवलिंगप्पा

ता. क. दवाखान्यात हिवतापाचं रक्त बघायचा तुमचा सूक्ष्मदर्शक महिनाभर मला द्यावा. गुडघा बरा असेल तर एस.टी.नं स्वतःच घेऊन यावं. रोग्यांचं तोवर नाडीवर भागेल.

आणखी एक. यंत्र माझ्या ट्रंकेत राहील. शब्बीरभाईंनी तीन कुलपं मिळवून दिली आहेत, तिन्ही किल्ल्या माझ्याच कडदोऱ्याला. मध्येच एखाद्या रोग्याचं रक्त तपासायची वेळ आली तर आठ दिवस आधी लेखी अर्ज करावा. तुमची पाळी आली की कळवीन.