पहिला तांब्या स्वतःच्या पायांवर

धायरी,
ता. ९ डिसेंबर

चि. सौ. शर्मिला हीस शालनचा जय भीम. वि. वि. हे पत्र बघून तू डोळे मोठे करशील, कर. आपला अबोला मोडलेला नाही. तीन वर्षांपूर्वी आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी तुझ्याशी बोलणार नाही असं म्हटलं होतं. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. फोन केला तर बोलावं लागेल, मोबाईलवरची बारकी अक्षरं मला दाबता येत नाहीत, आणि तुझा नवरा, म्हणजे माझाच भाऊ, तोंडी निरोप न्यायला तयार नाही. मागे एकदा नेला तर दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या म्हणतो. धायरीत दुपारच्या ड्युटीला येतो तेव्हा चिठ्ठी नेईन-आणीन म्हणाला. वाचू नकोस असं बजावलंय, म्हणजे वाचणारच. संभाज्या, वाचत असशील तर हेल्मेट घालत जा.

आता कामाचं. काल सकाळी पूल बंद झाला. तूही तुझ्या टोकाला अडकली असशीलच. ना नोटीस, ना काही. माझी पावणेसातची बस पुलाच्या तोंडाशी थांबली, पुढे पोलिसांनी बॅरिकेड आडवं लावलेलं. कंडक्टर म्हणाला की पुलाचा कुठलातरी सांधा सरकलाय, पायी जाणाऱ्यालाही सोडत नाहीत. किती दिवस, असं पोलिसाला विचारलं तर म्हणाला पुलाला विचारा. मी म्हटलं, विचारते, तुमच्याआधी तोच उत्तर देईल. मग लांबच्या पुलाने गेले. अख्खा सिंहगड रोड त्याच पुलाला निघालेला. दोन बस आणि एक रिक्षा करून बाळाला न्हाऊ घालायला निकिताच्या दारात पोचले तेव्हा साडेदहा वाजले होते. पाणी गार, पोरगी पिऊन झोपलेली. बाकीच्या दोन घरी गेलेच नाही.

म्हणून सरळ सांगते. तू राहतेस वारज्यात आणि न्हाऊ घालतेस धायरीतली बाळं. मी राहते धायरीत आणि माझी बाळं सगळी वारज्यात. पूल उघडेपर्यंत अदलाबदल करू. तुझी मी बघते, माझी तू बघ.

दोन बाळं धडधाकट आहेत, त्यांची चिंता नाही. निकिताच्या पोरीचं मात्र नीट वाच. आठव्यात झालेली, तीन आठवडे दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. घरी येऊन आठ दिवस झाले, अजून दोन किलोच आहे. हलकं तेल आणि घटकाभर आंघोळ चालेल असं डॉक्टर म्हणालेत. निकिताला आई नाही, सासू गावाला. नवरा-बायको दोघं कॉम्प्युटरवाले, पोरीला उचलताना श्वास रोखून धरतात. नवरा आता मोबाईलवर व्हिडिओ बघून स्वतःच न्हाऊ घालीन म्हणतोय. त्याच्या हातून काही व्हायच्या आत तू जा. टाळूला बोट जड लावू नको. कानात पाणी गेलं तर मला कळेल.

आईच्या हाताखाली शिकलेल्या आपण दोघीच उरलोय. हे तुझं कौतुक म्हणून लिहीत नाही. दुसरं कोणी नाही म्हणून लिहिते. पोरीला काही झालं तर मी तुला सोडणार नाही.

बाकी सगळे खुशाल. उत्तर लगेच पाठवणे, लोभाचं नंतर बघू.

तुझी नणंद,
शालन


वारजे,
ता. १० डिसेंबर

ती. आक्कांस शर्मिलाचा सप्रेम जय भीम. वि. वि. पत्र पोचलं. अबोल्याला मागचं दार असतं हे ठाऊक असतं तर मी तीन वर्षं रोज एक पत्र टाकलं असतं. ह्यांनी अर्थातच वाचलं. आज मुकाट्याने हेल्मेट घालून लांबच्या पुलाने गेले.

मी सकाळी सातलाच निकिताकडे पोचले. आमच्या दारापासून चालत सहा मिनिटं. पोरगी ओंजळीत मावेल एवढी, पण दुपटं सोडलं की आख्खी बिल्डिंग उठवते. तुमची आठवण झाली. नवऱ्याने पाण्यात थर्मामीटर घातला, मी कोपर घातलं, दोघांचं उत्तर एकच आलं तेव्हा त्याला जरा वाईट वाटलं. निकिता घाबरून लांब उभी होती. तिला शेजारी बसवलं आणि पोरीच्या पावलांना तिच्याच हाताने तेल लावून घेतलं. आता उद्या मांड्यांपर्यंत येईल.

आता माझ्याकडचं. सोनालीचा मुलगा अडीच महिन्यांचा, पण सहा किलोचा पैलवान आहे. उताणा केला की कारंजं उडवतो, तोंड बाजूला ठेवा. सोनालीच्या सासूबाई सगळ्या आंघोळीचं मोबाईलवर शूटिंग करतात आणि नातेवाइकांना पाठवतात. त्यांना ओरडू नका. ओरडलेलंही नातेवाइकांकडे जातं.

आणि एक. आईंच्या पुण्यानुमोदनाला चाळीस माणसांत तुम्ही म्हणाला होतात की हिच्या हातात बाळ म्हणजे कणकेचा गोळा. मी ते विसरलेली नाही. त्याच हातांत तुम्ही ही पोरगी दिलीत, एवढंच आपलं लिहून ठेवते.

तब्येतीला जपा. आशीर्वाद पाठवताना हात आखडू नये, ही विनंती.

आपली,
शर्मिला


धायरी,
ता. १४ डिसेंबर

चि. सौ. शर्मिला हीस जय भीम. वि. वि. तुझा पैलवान भलताच आहे. पहिल्या दिवशी पाटावर बसले, पाय पसरले, त्याला नडग्यांवर पालथा घातला, तर असा किंचाळला की खालचा वॉचमन वर आला. दुसऱ्या दिवशी तेच. सासूबाई मोबाईल धरून डोक्यावर उभ्या. मी अजिबात ओरडले नाही. साबणाच्या हाताने माझ्याकडून एखादी वस्तू बादलीत पडू शकते एवढंच म्हणाले. त्या आता दारातून शूटिंग करतात.

तिसऱ्या दिवशी सोनालीने भीत भीत सांगितलं की शर्मिलाताई आधी एक तांब्या ऊन पाणी स्वतःच्या पायांवर ओतून घेतात आणि मग बाळ पायांवर घेतात. मी तांब्या भरला आणि पायांवर ओतून घेतला. मी ऐकलं हे संभाजीला सांगू नको, त्याचा विश्वास बसायचा नाही.

ही आईची पद्धत. थंडीत आपले पाय फरशीसारखे गार असतात, त्यावर उघडं बाळ टाकलं तर ते ओरडेल नाहीतर काय गाणं म्हणेल? आईने मला सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं. मी ते कधी सोडलं हे आठवायला बसले, तर आठवलं. वारज्याची घरं घेतली तेव्हापासून. एक बस चुकली की पुढची पाऊण तासाने, म्हणून जिथे वाचेल तिथे वेळ वाचवायचा. एका तांब्याला असा किती वेळ लागतो? तेवढाही मी ठेवला नाही. तू ठेवलास. बस तुलाही होती.

आणखी एक कळलं. तुझी सगळी घरं उरकून मी साडेनऊला घरी असते. परवा चहा बसून प्यायले. आईची घरं वाटून घेतली तेव्हा तुझ्या नाकासमोरची मी मुद्दाम घेतली, तुला झोंबावं म्हणून. तू चिडून माझ्या नाकासमोरची घेतलीस. मग तीन वर्षं तू ह्या बसमध्ये, मी त्या बसमध्ये, आणि पुलाच्या मध्यावर रोज खिडकीतून एकमेकींना बघून मान फिरवायची. दोघींत मिळून एक तरी शहाणी निघायला हवी होती. ही माफी नव्हे. जे दिसलं ते लिहिलं.

निकिताच्या पोरीचं वजन केलं की कळव. आशीर्वाद सोबत पाठवलाय, मोजून घे.

शालन


धायरी,
ता. १७ डिसेंबर

शर्मिलास,

आज साडेसातला निकिताचा फोन आला. तू म्हणे पोरीला उघडलंस, पोटावर हात ठेवलास, परत गुंडाळलंस आणि आंघोळ नको, दवाखान्यात न्या म्हणालीस. तिचा नवरा म्हणतो पोरगी पहाटे थोडं प्यायली आहे, ताप नाही, त्याची नऊला मीटिंग आहे. ती मला विचारत होती, काय करू. मी सांगितलं की थंडीचे दिवस आहेत, अंग गार लागणारच, ऊन पाण्याने न्हाऊ घालायला सांग.

तू डॉक्टर कधीपासून झालीस? तीस वर्षं मी हेच काम करते आहे. उगाच घाबरवून सोडलं तर उद्या लोक आपल्या दोघींना दारात उभं करणार नाहीत. आणि घर माझं आहे, तुला पूल उघडेपर्यंत दिलंय. काय झालं ते आजच्या आज लिही.

शालन


वारजे,
ता. १८ डिसेंबर

ती. आक्कांस सप्रेम जय भीम. वि. वि. काल लिहायला हात मोकळे नव्हते. निकिताने तुमचा फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे तीन वर्षांनी तुमचा आवाज ऐकला. मी मध्ये बोलले नाही. अबोला आहे ना.

तुमचं त्यांना पटलं. नवऱ्याने गीझर लावला. मग मी तांब्या खाली ठेवला आणि बाथरूमच्या दारात पाट टाकून बसले. म्हटलं, मी न्हाऊ घालणार नाही, कुणाला घालू देणार नाही आणि तुम्ही पोरीला घेऊन बाहेर पडेपर्यंत इथून हलणार नाही. आक्का, ती रोज दुपटं सोडलं की बिल्डिंग उठवते. काल सोडलं तर रडली नाही. नुसती पडून राहिली. हातपाय थंडीने गार पडतात हे मलाही कळतं, पण तिचं पोट गार होतं. आई सांगायच्या ना, पाय गार लागले तर मोजे घाला, पोट गार लागलं तर वाट बघू नका.

नवरा चिडला, मला बाजूला व्हायला सांगितलं. निकिताने एकदा पोरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि चप्पल घातली. डॉक्टर म्हणाले की इन्फेक्शन आहे, एवढ्या बारक्या बाळांना ताप येतोच असं नाही, उलट अंग गार पडतं. संध्याकाळपर्यंत थांबला असता तर हातात काही राहिलं नसतं, असंही म्हणाले. तिला परत पेटीत ठेवलंय, सलाईन लावलंय. नवरा काचेला कपाळ टेकवून उभा असतो. बाकीची दोन घरं उरकली की मी तिथे जाऊन बसते.

घर तुमचं आहे, खरं आहे. पण पोरगी काल माझ्या हातात होती.

काळजी करू नका असं लिहवत नाही. तुम्ही तिकडे करा, मी इकडे करते.

शर्मिला


धायरी,
ता. १९ डिसेंबर

शर्मिला,

चिठ्ठी उभ्याने उघडली होती, खाली बसून संपवली.

मी तिथे असते तर काय केलं असतं ते मला माहीत आहे. पोटाला हात लावून थांबलेच नसते. रडत नाही म्हणजे आज शहाण्यासारखी आहे असं म्हटलं असतं. तेल, पाणी, टाळू, दुपटं, आणि बसला पळाले असते. मग संध्याकाळी काय झालं असतं ते मी लिहीत नाही.

कणकेचा शब्द मी परत घेते. चाळीस माणसांत बोलले होते, तेव्हा परतही माणसांतच घेईन. तोपर्यंत कागदावर असू दे. निकिताला फोन करून सांगितलं की मी चुकीचं सांगितलं, शर्मिलाताईंचं बरोबर होतं. असलं वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच गेलं, दातांना अडकत होतं. पण गेलं.

तुझी घरं मी नीट करते आहे. तू पोरीपाशी बस. रोज एक ओळ तरी लिही, संभाजीला त्याच्या ड्युटीच्या गेटवर गाठून चिठ्ठी घेऊन येते.

शालन


वारजे,
ता. २६ डिसेंबर

ती. आक्कांस जय भीम. आज पोरगी घरी आली. दोन किलो तीनशे. डॉक्टरांना विचारून घेतलं, मग दुपटं सोडलं. आख्खी बिल्डिंग उठली.

शर्मिला


धायरी,
ता. ४ जानेवारी, सकाळी सहा

चि. सौ. शर्मिला हीस शालनचा मनापासून जय भीम. वि. वि. आजपासून पूल पायी जाणाऱ्यांना उघडला. गाड्यांना अजून महिना लागेल म्हणतात. लागू दे.

मी ठरवलंय ते सांगते, विचारत नाही. पूल सगळा उघडला तरी वारज्याची घरं तुझी, धायरीची माझी. पैलवान आता माझ्या पायांवर डुलक्या घेतो. पहिला तांब्या रोज माझ्या पायांवर जातो. मंगळवारी एकदा घाईत विसरले, तर त्याने वॉचमनला परत वर बोलावलं. सासूबाईंनी ते नातेवाइकांना पाठवलं आहे. तुझ्या मोबाईलवर आलं तर पुसून टाक.

आज निकिताच्या पोरीचं बारसं. दोघींनी यायचंच असा तिचा फोन होता. माणसं किती असतील ते मी विचारून घेतलं. पन्नास म्हणाली. मला चाळीस पुरे होती. संभाजीला पुढे बसव, आईच्या पुण्यानुमोदनाला होता त्याने आज परत घेतलेलंही ऐकायला पाहिजे. बारशाआधीची आंघोळ तू घालायचीस. मी पाणी देणार. हसू नको. आईला दहा वर्षं पाणी दिलंय, मला येतं.

ही चिठ्ठी संभाजीकडे दिलेली नाही. पिशवीत घालून, पूल चालत ओलांडून मीच घेऊन येणार आहे. तू हे वाचत असशील तेव्हा मी तुझ्या दारात उभी असेन. बोलणं मी बंद केलं होतं, त्यामुळे पहिला शब्द माझा. पण तू वाचून संपवल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही, तेवढी रीत पाळते.

तेव्हा लवकर वाच. पोरीचं पाणी निवेल, आणि दारात थांबायची मला सवय नाही.

तुझी,
आक्का